मंदगती इंजिनाची निवड

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतून जो कोणी पावसाळ्यात प्रवास करील, त्याच्या दृष्टीस दोन गोष्टी पडल्यावाचून राहणार नाहीत. एक, सह्याद्रीच्या कड्यांवरून खाली झेपावणारे असंख्य धबधबे. आणि दुसरी, भातखाचरांतून मुंबईच्या दिशेने रांगेने चालत निघाल्यासारखे दिसणारे विजेचे उंच मनोरे. या दोहोंचा संबंध फार निकटचा आहे. लोणावळ्याच्या बाजूस घाटमाथ्यावर तलाव बांधून, त्यांतील पाणी पाचशे मीटरांहून अधिक उंचीवरून नळांवाटे खाली सोडून टाटांनी १९१५ साली खोपोली येथे वीज उत्पन्न करण्यास आरंभ केला. पुढे १९२२ साली आंध्रा नदीच्या पाण्यावर भिवपुरीचे वीजघर चालू झाले. त्या विजेवर मुंबईच्या कापडगिरण्या चालल्या. ज्या रानातून तारा गेल्या तेथील ठाकूर व कातकरी यांच्या झोपड्यांत मात्र रॉकेलची चिमणीच मिणमिणत राहिली. १९४२ च्या चळवळीत माथेरानचे भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे जाणारे हेच मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी भाई सिद्धगडावर धारातीर्थी पडले, हे आमच्याकडील शाळकरी मुलासही ठाऊक आहे.

आता तो काळ पालटला आहे. बहुतेक गावांत वीज आलेली आहे. असे असता, जिच्या उशाशी दोन वीजघरे आहेत अशा प्रांतात राहणाऱ्या शिक्षकाने तेलाच्या इंजिनावर लेख लिहावा, हे आमच्या वाचकांस थोडे चमत्कारिक वाटेल. परंतु तार दारापर्यंत येणे निराळे आणि तारेतून वीज येणे निराळे. आमच्या शाळेचे वसतिगृह डोंगराच्या पायथ्याशी, तारेच्या अगदी शेवटच्या टोकास आहे. येथे वर्षास तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. आषाढातील एखाद्या रात्री वाऱ्याने ऐनाचे झाड तारेवर पडले म्हणजे ती तार पुन्हा जोडण्यास माणसांनी चिखलातून, ओढे ओलांडून यावे लागते; आणि ती बिचारी येईपर्यंत दोन दिवस, प्रसंगी चार दिवसही जातात. तेवढे दिवस आम्ही तारेवर असूनही तारेबाहेरच असतो.

दिवे नसले तर मुले लवकर निजतील, त्यात काय बिघडले, असे कोणी म्हणेल. आम्हीही अंधाराचे फारसे कौतुक करीत नाही किंवा त्यास भीतही नाही. आमचा स्वतःचा सारा अभ्यास कंदिलावर झालेला आहे. खरा प्रश्न पाण्याचा होता. वसतिगृहात साठ मुले. विहिरीवर विजेचा पंप. वीज गेली की टाकी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रिकामी होई, आणि मग मोठी मुले पोहरे घेऊन विहिरीवर जात. दोन पावसाळ्यांपूर्वी शेवाळलेल्या कठड्यावरून नववीतील एका मुलाचा पाय सरकला. शेजारच्या मुलाने त्याच्या सदऱ्याची मागची बाजू धरली म्हणून तो वाचला. सदरा फाटला, मुलगा वर राहिला. त्याच्या आईने दुसऱ्या दिवशी येऊन आमच्यापाशी तक्रारीचा एक शब्दही काढला नाही, फक्त तो फाटका सदरा शिवून नेण्यासाठी मागून घेतला. त्याच आठवड्यात शाळेच्या व्यवस्थापक मंडळाने वसतिगृहासाठी इंजिन घेण्याचा ठराव केला, आणि कोणते घ्यावे याचा तपास करण्याचे काम, विज्ञान शिकवितो या एवढ्याच गुणावर, आमच्याकडे सोपविले.

प्रथम आम्ही गरज किती ते कागदावर मांडले, व दहावीच्या वर्गाकडून तो हिशेब तपासून घेतला. वीस वॅटचे चाळीस दिवे म्हणजे ८०० वॅट. सत्तर वॅटचे सोळा पंखे म्हणजे ११२० वॅट. पंप एका अश्वशक्तीचा. तो चालताना सुमारे १००० वॅट ओढतो. एकूण तीन किलोवॅटांच्या आतबाहेर. येथे एका चलाख मुलीने प्रश्न विचारला की, मग तीन किलोवॅटांचेच जनित्र का घेऊ नये? याचे कारण असे की, विजेची मोटर थांबलेल्या स्थितीतून सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाचसहा पट प्रवाह मागते. बैल गाडी ओढू लागताना पहिल्या पावलास जसा जोर लावतो, तसेच हे. तो पहिला हिसका सोसेल एवढे सामर्थ्य जनित्रात शिल्लक पाहिजे. उलट, फार मोठे इंजिन घेऊन त्यावर चार दिवे लावणे हेही हितावह नाही. डिझेल इंजिनास पुरेसे ओझे नसले तर त्याचे सिलिंडर नीट तापत नाही, तेल अर्धवट जळते, आणि काजळीचे चिकट थर दट्ट्याच्या कड्यांत व धुराच्या नळीत बसतात. निदान एकतृतीयांश ओझे त्याच्यावर असावे असा जाणत्यांचा सल्ला आहे. तेव्हा पाच के.व्ही.ए. हे माप ठरले.

माप ठरले, परंतु जात ठरली नाही. आणि वाद पेटला तो जातीवरूनच. बाजारात मुख्यतः तीन प्रकारची इंजिने मिळतात. एक मिनिटास ३००० फेरे घेणारी, हलकी, उचलून नेण्याजोगी. दुसरी १५०० फेऱ्यांची. आणि तिसरी, जुन्या घडणीची, दोन्ही बाजूंस मोठमोठी जडचक्रे असलेली, ६५० फेऱ्यांची. मंडळातील एका सभासदांचा कल पहिल्या प्रकाराकडे होता, कारण ते सर्वांत स्वस्त. आमचा कल, मोकळेपणाने सांगावयाचे तर, तिसऱ्याकडे होता. आणि त्यास कारणीभूत झाली ती खालापूर तालुक्यातील एक बंद पडलेली भाताची गिरणी.

ही गिरणी आमच्या एका विद्यार्थिनीच्या आजोबांची. कर्जत-खालापूर हा भाताचा मुलूख. वीज येण्यापूर्वी येथील भात भरडण्याच्या व पिठाच्या गिरण्या तेलाच्या इंजिनांवर चालत. धुराच्या नळीच्या तोंडावर पत्र्याचा डबा बसविलेला असे, त्यामुळे इंजिन सुरू झाले की त्याचा पुक्‌-पुक्‌ असा आवाज दोन कोसांवर ऐकू जाई आणि बायका समजत की गिरणी चालू झाली, आता दळण घेऊन निघावे. आजोबांनी आम्हांस गोणपाटाखाली झाकलेले ते इंजिन दाखविले. दहा वर्षे त्यास कोणी हात लावलेला नव्हता. त्यांचे वृद्ध मिस्त्री बोलावणे पाठविताच आले. त्यांनी टाकीत डिझेल घातले, नळीतील हवा काढली, जडचक्र हाताने दोनचार वेळा फिरवून आतून काही खरखर येते काय ते कान लावून ऐकले. मग झडपेची खिट्टी उचलून हँडल मारले, चक्रांस वेग येताच खिट्टी सोडली, आणि ते थोर यंत्र एक काळा ढग सोडून चालू झाले.

“मास्तर,” मिस्त्री म्हणाले, “हे इंजिन खानदानी आहे. ह्याला घाई खपत नाही. घाई करणारं इंजिन लवकर म्हातारं होतं.”

मिस्त्रींचे शिक्षण चौथीपर्यंतचे. परंतु त्यांच्या या एका वाक्यात यंत्रशास्त्राचे एक संपूर्ण प्रकरण भरलेले आहे, आणि आमच्या विद्यार्थ्यांनी ते आकड्यांनी पडताळून पाहावे. ६५० फेऱ्यांचे इंजिन तासास ३९,००० वेळा फिरते. १५०० चे ९०,००० वेळा. आणि ३००० चे १,८०,००० वेळा. प्रत्येक फेऱ्यास दट्ट्या एकदा खाली जातो व एकदा वर येतो. जुन्या इंजिनाच्या दट्ट्याची धाव सुमारे १४० मिलिमीटर असते. तेव्हा त्याचा सरासरी वेग सेकंदास तीन मीटर भरतो. १५०० फेऱ्यांच्या व ११० मिलिमीटर धावेच्या इंजिनात तो साडेपाच मीटर होतो, आणि ३००० फेऱ्यांच्या ७० मिलिमीटर धावेच्या इंजिनात सात मीटर. लोखंडावर लोखंड घासण्याचा हा वेग आहे. मध्ये ऑइलाचा पातळ पडदा असतो खरा, परंतु झीज होते ती याच वेगाच्या प्रमाणात वाढते. शिवाय प्रत्येक फेऱ्याच्या दोन्ही टोकांस दट्ट्या थांबतो व उलट फिरतो. त्या वेळी जो हिसका बसतो तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो. फेरे दुप्पट, तर हिसका चौपट.

हे इंजिन मुळात ज्याच्या कल्पनेतून निघाले तो रूडॉल्फ डीझेल १८५८ साली पॅरिस येथे एका जर्मन कारागिराच्या घरी जन्मला. वाफेचे इंजिन कोळशातील उष्णतेचा फार मोठा भाग वाया घालविते, हे शिकत असता त्याच्या मनास लागून राहिले. हवा जोराने दाबली म्हणजे तापते, हे सायकलच्या पंपाचा तळ हातास लागून ज्याने त्याने अनुभविलेले असेल. डीझेलने ती इतकी दाबली की तिच्यात तेलाचा फवारा सोडताच तो ठिणगीवाचून आपोआप पेटावा. १८९७ साली ऑग्जबुर्ग येथे त्याचे इंजिन यशस्वी ठरले, आणि त्याने इंधनातील उष्णतेपैकी चतुर्थांशाहून अधिक भागाचे काम करून दाखविले. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात असे एक इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. (कोणी उत्साही विद्यार्थ्याने घरच्या इंजिनात गोडेतेल ओतून पाहू नये, नोझल चोंदते, आणि आई रागावते ते निराळेच.) १९१३ साली इंग्लंडास जात असता तो बोटीवरून रात्री नाहीसा झाला. जगातील मालवाहू जहाजे आज बहुशः त्याच्या इंजिनावर चालतात, आणि त्यांतील सर्वांत मोठी इंजिने मिनिटास शंभराच्या आसपासच फेरे घेतात. घाई न करण्याचे तत्त्व तेथेही तेच.

आजोबांच्या गिरणीतील इंजिन ज्या घडणीचे होते ती मूळ इंग्लंडातील डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीची. तिने १९३० च्या सुमारास हा साधा, एका सिलिंडरचा, थंड पाण्यावर निवणारा नमुना काढला व अर्धशतकाहून अधिक काळ तो बनविला. पुढे हिंदुस्थानात, विशेषतः राजकोट शहरी, त्याच्या बरहुकूम प्रती असंख्य कारखान्यांनी काढल्या. परंतु महाराष्ट्रासही या विद्येत अभिमान बाळगण्यास जागा आहे. साताऱ्याजवळ सर धनजीशा कूपर यांनी नांगरांचा कारखाना काढला व त्यातूनच पुढे डिझेल इंजिने बाहेर पडली. हेच गृहस्थ १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे मुख्य प्रधान होते. आणि ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली, त्यांच्या घराण्याने १९४६ साली पुण्यास खडकी येथे केवळ तेल-इंजिनांसाठी स्वतंत्र कारखाना काढला. दुष्काळी गावांतील किती विहिरींचे पाणी या इंजिनांनी वर आणले असेल!

आजोबांनी ते इंजिन शाळेस देणगी म्हणून देऊ केले. मिस्त्रींनी महिन्यातून एकदा येऊन पाहण्याचे वचन दिले. आमचे मन तेथेच गुंतले होते. तथापि मन जेथे गुंतते तेथेच हिशेब अधिक कडक करावा, हा आमचा जुना नियम आहे, आणि त्याप्रमाणे आम्ही त्या इंजिनाविरुद्धची बाजूही लिहून काढली.

पहिली अडचण वजनाची. तीनशे किलोंच्या वरचे हे धूड. त्यास सिमेंटचा खोल पाया पाहिजे, नाहीतर ते जागच्या जागी उड्या मारू लागते. वसतिगृहापर्यंत ट्रक येतो म्हणून आमचे भागले असते. परंतु जेथे गाडीवाट नाही अशा वाड्या आमच्या तालुक्यांत थोड्या नाहीत. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला, तेव्हा माती उपसणारी मोठी यंत्रे वर नेता आली नाहीत. माणसे पायी चढून गेली आणि फावड्या-घमेल्यांनी त्यांनी शोध केला. ज्या वाडीस वाट नाही तेथे टिकाऊपणाइतकाच हलकेपणाही मोलाचा असतो, आणि ज्यास आम्ही घाईचे इंजिन म्हणून नावे ठेवली ते दोन माणसांच्या खांद्यावरून वर जाऊ शकते. यंत्राची निवड जागा पाहून करावी.

दुसरी अडचण नव्या प्रतींसंबंधी. गिरणीतले जुने इंजिन चांगले होते, म्हणून त्याच घडणीचे नवे घ्यावे, असे मिस्त्रींनीच सुचविले आणि एका दुकानात आम्हांस नेलेही. दुकानदारांनी रंग दिलेले चकचकीत इंजिन पुढे केले. मिस्त्रींनी बाजूचे झाकण उघडावयास लावून आत बोट फिरविले, आणि ते बोट काही न बोलता आमच्या पुढे धरले. त्यावर ओतकामाची रेती होती. बीड ओतताना साच्याची रेती आतील कोपऱ्यांत राहते. ती धुऊन न काढता इंजिन चालविले तर ऑइलाबरोबर ती बेअरिंगांत शिरते, आणि जे इंजिन तीस वर्षे चालावयाचे ते तीन महिन्यांत खिळखिळे होते. सर्वच कारखाने असे करीत नाहीत, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. पण नमुना उत्तम आहे एवढ्यावरून नग उत्तम ठरत नाही. पालकांपैकी कोणी शेतासाठी इंजिन घेणार असतील तर त्यांनी रंग पाहू नये. झाकण उघडून मागावे, बोट फिरवावे, आणि जडचक्रे हलकेच फिरवून ती डोलत तर नाहीत ना हे पाहावे.

तिसरी अडचण कायद्याची, आणि तीच निर्णायक ठरली. जनित्रास जोडून विकल्या जाणाऱ्या इंजिनांच्या धुरासंबंधी व आवाजासंबंधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नियम आहेत. १ जुलै २०२३ पासून नव्या संचांस ते अधिकच कडक झाले आहेत. आवाज एका मीटरवर ७५ डेसिबलांहून अधिक नसावा, यासाठी संच ध्वनिरोधक पेटीत बसवावा लागतो. मंडळातील एक सभासद यावर म्हणाले, “एवढ्या रानात कोण मोजायला येतो?” आम्ही उत्तर दिले की, मोजावयास कोणी येत नसेल, परंतु साठ मुलांची फुप्फुसे व कान तेथे रात्रभर असणार आहेत, आणि आपण वर्गात नागरिकशास्त्र शिकवितो. सभासद सज्जन आहेत. ते हसले व गप्प राहिले.

मग सूर्यावरच का भागवू नये, असाही प्रश्न सभेत निघाला व तो रास्तच होता. आज जर कोणी आम्हांस विचारील की बाराही महिने वीज नसलेल्या वाडीवर काय करावे, तर आम्ही प्रथम सोलरची पॅनेले व बॅटरी हेच सांगू. तेथे रोज सहासहा तास तेल जाळीत बसणे हे खर्चाचे व धुराचे काम आहे. आमच्याच जिल्ह्यातील घारापुरी बेटाचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. जगभरचे प्रवासी जेथील लेणी पाहण्यास येतात, त्या बेटावरील तीन वस्त्यांस कित्येक वर्षे डिझेलच्या जनित्रावर संध्याकाळचे जेमतेम काही तास वीज मिळे. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राच्या तळातून केबल टाकली गेली तेव्हा कोठे त्यांचा तो वनवास संपला. डिझेल मचव्यातून आणावे, तेही भरती पाहून! अशा ठिकाणी इंजिन टिकाऊ असून तरी किती उपयोग, जर त्याचा घास दुसऱ्या किनाऱ्यावरून येत असेल? आमच्या वसतिगृहाच्या छपरावर पॅनेले आहेत आणि आठ महिने ती उत्तम काम देतात. परंतु आमची अडचण आषाढ-श्रावणातली. ज्या चार दिवसांत तार तुटते त्याच चार दिवसांत ढग सूर्यासही तोंड दाखवू देत नाहीत. तेथे साठवून ठेवता येणारे तेलच कामास येते.

सरतेशेवटी मंडळाने मधला प्रकार पसंत केला: १५०० फेऱ्यांचा, एका सिलिंडरचा, पाण्याने निवणारा, मान्यतापत्र असलेला संच. येथे फेऱ्यांच्या त्या आकड्याचे एक गमतीदार कारण सांगण्याजोगे आहे. आपली वीज सेकंदास पन्नास आवर्तने घेते. चार ध्रुवांचे जनित्र मिनिटास १५०० वेळा फिरविले म्हणजे बरोबर पन्नास आवर्तने मिळतात, त्यामुळे इंजिन व जनित्र एकाच दांड्यावर सरळ जोडता येतात. पट्टा लागत नाही. ६५० फेऱ्यांच्या इंजिनास मोठ्या पुलीवरून लहान पुलीवर पट्टा घालून वेग सव्वादोन पटींहून थोडा अधिक वाढवावा लागतो. पट्टा सुटतो, घसरतो, आणि जेथे मुले वावरतात तेथे ओढणीचा पदर ओढून नेणारा उघडा पट्टा आम्हांस नको होता. एवढे एक कारण आम्हांस पुरेसे वाटले असते.

खर्च अंदाजाबाहेर गेला, हे लपविण्यात अर्थ नाही. स्वस्त संचाच्या पुष्कळ अधिक किंमत पडली. पालकांच्या सभेत एक गृहस्थ उठून म्हणाले की, वर्षातून पंधरा दिवस लागणाऱ्या वस्तूसाठी एवढे पैसे घालणे हा शाळेचा थाट आहे. त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. वर्षास शंभरसव्वाशे तास चालणाऱ्या इंजिनास तीस वर्षांचे आयुष्य कशास हवे, असे हिशेबाने कोणीही विचारील. आम्ही उत्तराची जुळवाजुळव करीत असताना मागच्या रांगेतून त्या सदऱ्याच्या आई उभ्या राहिल्या. त्या भातशेतीच्या मजुरीवर जातात. त्यांनी एवढेच विचारले, “साहेब, त्या पंधरा दिवसांत चालू नाही झालं तर?” पुढे चर्चा झाली नाही. वर्गणी एका महिन्यात जमली. आणि ज्या गृहस्थांनी आक्षेप घेतला होता त्यांनी इंजिनघराचे पत्रे दिले.

इंजिनघर वसतिगृहापासून वीस पावलांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगास बांधले. पाऊस लागतो म्हणून असे यंत्र व्हरांड्यात किंवा बंद खोलीत ठेवण्याची चाल आम्ही पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे, आणि ती फार घातक आहे. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्यास वास नाही, रंग नाही. निजलेल्या माणसास तो जागेही करीत नाही. विहिरीपासूनही हे घर दूर ठेवले, कारण सांडलेले डिझेल जमिनीतून झिरपते आणि एकदा ते पिण्याच्या पाण्यात उतरले की वास महिनोन्‌महिने जात नाही. याच कारणासाठी आजोबांचे इंजिन विहिरीवर पट्ट्याने पंप चालविण्यास लावावे, ही आमच्या सहकाऱ्यांची सूचना आम्हांस नाकारावी लागली.

वायरमनने प्रथम येऊन चेंजओव्हर स्विच बसविला, आणि त्यावाचून इंजिनास हात लावू दिला नाही. याचे मर्म मुलांनी समजून घ्यावे. इंजिन चालू असता घरची वायर बाहेरच्या तारेस जोडलेलीच राहिली, तर आपली २३० व्होल्टांची वीज उलटी ट्रान्सफॉर्मरात शिरते आणि तेथून ११,००० व्होल्टांची होऊन तारेवर जाते. त्या वेळी भर पावसात खांबावर चढून आपल्यासाठीच तार जोडणारा मनुष्य ती तार मेलेली आहे असे समजून हात लावतो. स्विचाच्या दांड्यास दोनच बाजू आहेत, एक तारेची आणि एक इंजिनाची. एकाच वेळी दोन्ही जोडता येऊ नयेत अशीच त्याची रचना असते.

गेल्या पावसाळ्यात इंजिन एकूण एकशेआठ तास चालले. एका तासास सरासरी सव्वा लिटर डिझेल लागले. एक लिटर डिझेलात दहा युनिटांएवढी उष्णता असते. आमच्या पदरी त्यातून अडीच युनिटेही पुरती आली नाहीत, बाकीची धुरावाटे व गरम पाण्यावाटे गेली. नववीच्या वर्गाने ते गरम पाणी भांडी धुण्यास वापरता येईल अशी योजना कागदावर काढली आहे. नळ कसा न्यावा यावर त्यांचे अद्याप एकमत नाही. श्रावणातील दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस तार तुटली होती. रोज पहाटे पाच वाजता पंप व सायंकाळी सात ते दहा दिवे, असा क्रम ठेवला. पंप चालू असता पंखे बंद, हा नियम मुलांनीच फळ्यावर लिहिला व, पहिल्या दिवसाचा अपवाद सोडता, पाळला. विहिरीच्या कठड्यावर आता लोखंडी जाळी आहे.

आजोबांचे इंजिन शाळेच्या विज्ञानाच्या छपरीत आणून ठेवले आहे. शनिवारी दुपारी मिस्त्री येतात. मुले त्याचे झाकण उघडतात, नोझल काढून फवारा कसा उडतो तो पाहतात, पुसतात, पुन्हा बसवितात. एका वहीत इंजिनघराच्या नोंदी असतात: तारीख, सुरू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, डिझेल किती घातले, ऑइल कधी बदलले, आवाजात काही फरक. ही वही लिहिण्याचे काम सध्या त्या फाटक्या सदऱ्याच्या मुलाकडे आहे. त्याचे अक्षर वाईट आहे. नोंद मात्र एकही चुकत नाही.